बंद गाडीतील संवाद : ‘आपण’पासून ‘आम्ही’पर्यंत

घटक ७

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• एकाच बंदिस्त स्थळी घडणाऱ्या नाट्याची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• एखाद्या संवादातील शब्द कोणाचे आहेत आणि त्यांची जबाबदारी कोणावर आहे, हे वेगवेगळे करून पाहता येईल.
• मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या सर्वनामांतील भेद संहितेच्या विश्लेषणासाठी वापरता येईल.
• एका इंग्रजी दूरचित्रवाणी-संहितेची एका मराठी नाटकाशी साधार तुलना करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विज्ञानकथेच्या स्वरूपाचा परिचय करून घेतला. मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने छापील पानावर वाढली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या स्पर्धेला जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ही घटना त्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. दूरचित्रवाणीवर मात्र मराठीत या प्रकाराची अखंड परंपरा निर्माण झाली नाही. म्हणून या घटकासाठी आपण ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील ‘मिडनाइट’ हा एक भाग अभ्यासाला घेतला आहे. तो आपण पाहिलेला नसला तरी अडचण येणार नाही, कथानक ७.३ मध्ये सविस्तर दिले आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. इंग्रजी मालिकेचा एक भाग मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी? पेण येथील संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. त्या वर्गात गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारे विद्यार्थी होते, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेले होते आणि दिव्याहून येणाऱ्या गाडीने उभ्याने प्रवास करून आलेलेही होते. मी तेव्हा उत्तर दिले ते असे : हा भाग मराठीत आणताना अनुवादकाला असा एक निर्णय घ्यावा लागतो, जो मूळ इंग्रजी लेखकाला कधी घ्यावाच लागला नाही. तो निर्णय एका सर्वनामाचा आहे आणि त्या सर्वनामावर एका माणसाचा जीव अवलंबून आहे. हे उत्तर विस्ताराने मांडणे हाच या घटकाचा हेतू आहे.

७.२ बंदिस्त स्थळाचे नाट्य

‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये ती थांबली आणि २००५ मध्ये नव्याने सुरू झाली. काळ आणि अवकाश यांतून हवा तसा प्रवास करू शकणारा ‘डॉक्टर’ नावाचा नायक हे तिचे केंद्र. दर भागात नवा ग्रह, नवे शतक, नवी संकटे, असा तिचा विस्तार असतो.

अशा दीर्घ मालिकांमध्ये अधूनमधून एखादा भाग एकाच जागेत, मोजक्या पात्रांनिशी घडवला जातो. त्यामागे पुष्कळदा व्यावहारिक कारण असते. नेपथ्य एकच असल्याने खर्च वाचतो आणि चित्रीकरण लवकर आटोपते. ‘मिडनाइट’च्या बाबतीतही असे कारण होते. नायकाची सहप्रवासिनी डोना ही भूमिका करणारी अभिनेत्री कॅथरीन टेट त्या सुमारास मालिकेच्या पुढच्या भागाच्या चित्रीकरणात गुंतलेली होती. म्हणून या भागात तिची उपस्थिती केवळ आरंभी आणि अखेरीस आहे.

परंतु व्यवहारातून आलेली मर्यादा कलेच्या दृष्टीने लाभदायक ठरू शकते. स्थळ बदलता येत नाही, तेव्हा पात्राला निघून जाण्याची सोय उरत नाही. एरवी आपल्याला एखाद्याचे बोलणे नकोसे झाले, तर आपण उठून दुसरीकडे जातो. बंद जागेत ते शक्य नसते. तेथे राग, भीती, संशय यांना बोलण्याखेरीज दुसरी वाट नसते. म्हणून अशा नाट्यात संवाद हीच कृती होते. कोण बोलतो, कोण मध्येच तोडतो, कोणाला बोलू दिले जात नाही, याच तेथील घटना असतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : आपण वाचलेल्या किंवा पाहिलेल्या, एकाच स्थळी घडणाऱ्या कोणत्याही एका मराठी नाटकाचे नाव सांगा. त्यातील पात्रे ती जागा सोडून का जाऊ शकत नाहीत, हे दोन-तीन वाक्यांत लिहा.

७.३ ‘मिडनाइट’चे कथानक

हा भाग बीबीसी वनवर १४ जून २००८ रोजी प्रसारित झाला. लेखक रसेल टी. डेव्हिस, दिग्दर्शक अ‍ॅलिस ट्रॉटन. डॉक्टरची भूमिका डेव्हिड टेनंट यांनी, तर स्काय सिल्व्हेस्ट्री या प्रवासी स्त्रीची भूमिका लेस्ली शार्प यांनी केली आहे.

मिडनाइट हा हिऱ्यांचा ग्रह आहे. त्याच्या सूर्याचा प्रकाश इतका घातक, की उघड्यावर कोणताही जीव क्षणभरही टिकणार नाही. तरीही तेथे पर्यटकांसाठी एक संरक्षित विश्रामस्थान उभारलेले आहे. तेथून नीलमण्यांचा धबधबा पाहण्यासाठी ‘क्रुसेडर ५०’ नावाची बंदिस्त गाडी निघते. प्रवास चार तासांचा. गाडीत डॉक्टर, एकटी प्रवास करणारी स्काय, प्राध्यापक हॉब्ज, त्यांची साहाय्यक विद्यार्थिनी डी डी, बिफ आणि व्हॅल हे दांपत्य, त्यांचा तरुण मुलगा जेथ्रो आणि प्रवाशांची व्यवस्था पाहणारी सेविका असे आठ जण आहेत. पुढच्या कक्षात चालक आणि यंत्रज्ञ आहेत.

प्रवास सुरू होताच सेविका करमणुकीची सर्व साधने लावते. त्या गोंगाटाला कंटाळून डॉक्टर ती गुपचूप बंद पाडतो. आता माणसांनी एकमेकांशी बोलावे, एवढीच त्याची इच्छा. माणसे बोलतात, हसतात, एकमेकांच्या घरच्या गोष्टी ऐकतात. ही बाब लक्षात ठेवा : या गाडीत संवाद सुरू होतो तो डॉक्टरमुळे.

मध्येच गाडी थांबते. बाहेर काहीही जिवंत असू शकत नाही, असे प्राध्यापक पुन्हा पुन्हा सांगत असतानाच बाहेरून ठोठावण्याचा आवाज येतो. आतून जितक्या थापा माराव्यात, तितक्याच बाहेरून उमटतात. मग जोराचा धक्का बसतो, अंधार होतो आणि चालकाचा कक्ष तुटून नाहीसा होतो. दिवे येतात तेव्हा स्काय कोपऱ्यात बसलेली असते. तिच्या देहात काहीतरी शिरलेले आहे. ते काय आहे, हे भाग संपेपर्यंत दाखवलेले नाही. त्याला नावही दिलेले नाही.

यापुढील घटनाक्रम चार टप्प्यांत पाहता येतो.

१. मागून बोलणे : जो जे बोलेल, ते स्काय त्याच्यामागून जसेच्या तसे उच्चारते.
२. बरोबर बोलणे : ती सर्वांची वाक्ये त्यांच्याबरोबरच, एकाच क्षणी उच्चारू लागते. डॉक्टर पायच्या वर्गमुळाचे अंक भराभर म्हणतो. तेही ती त्याच्यासोबत अचूक म्हणते.
३. निवड : ती इतरांना सोडून देते आणि केवळ डॉक्टरचेच शब्द उच्चारते.
४. आधी बोलणे : शब्द आता प्रथम तिच्या तोंडून येतात आणि डॉक्टर ते मागून म्हणू लागतो. त्याचा देह गोठलेला, स्वतःचे एकही वाक्य त्याच्याजवळ उरलेले नाही.

याच काळात प्रवाशांमध्ये दुसरे नाट्य घडत असते. स्कायला बाहेर फेकून द्यावे, हा विचार प्रथम सेविका बोलून दाखवते. डॉक्टर विरोध करतो. तेव्हा संशय त्याच्याकडे वळतो. तुम्ही कोण, तुम्हाला हुकूम देण्याचा अधिकार कोणी दिला, असे प्रश्न येतात. तो ‘जॉन स्मिथ’ हे उघडउघड खोटे वाटणारे नाव सांगतो आणि आपण हुशार आहोत, म्हणून आपले ऐकावे, अशा अर्थाचे बोलून जातो. हे वाक्य त्याला भोवते. चौथ्या टप्प्यात स्काय मोकळेपणाने बोलू लागते, तेव्हा बहुतेक प्रवासी तिच्यावर विश्वास ठेवतात आणि काही जण डॉक्टरला दाराकडे ओढत नेतात.

त्याला वाचवते ती सेविका. स्कायच्या तोंडी डॉक्टरच्या लकबीचे फ्रेंच आणि इटालियन शब्द येतात. हे शब्द हिचे नव्हेत, त्याचे आहेत, हे सेविकेच्या ध्यानात येते. ती स्कायला धरते, दार उघडते आणि दोघी बाहेर फेकल्या जातात. मदत येईपर्यंत उरलेले प्रवासी एकमेकांकडे न पाहता बसून राहतात. डॉक्टर विचारतो, तिचे नाव काय होते? कोणालाही ठाऊक नसते.

७.४ शब्द कोणाचे?

‘बोलणारा’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण तो तीन भिन्न भूमिका झाकून टाकतो, असे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी दाखवून दिले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या त्यांच्या ग्रंथात या विवेचनाचा समावेश आहे. आपण या भूमिकांना पुढील मराठी नावे देऊ.

उच्चारक : ज्याच्या तोंडून ध्वनी बाहेर पडतो तो.
रचनाकार : ज्याने शब्द निवडले आणि वाक्य जुळवले तो.
धनी : त्या वाक्यामागे ज्याची भूमिका उभी आहे, त्याची जबाबदारी ज्याच्यावर येते तो.

रोजच्या बोलण्यात या तिन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. परंतु नेहमीच नाही. ग्रामसभेत कर्मचारी वरिष्ठांचे पत्र वाचून दाखवतो, तेव्हा तो केवळ उच्चारक असतो. पत्र कोणा लेखनिकाने लिहिलेले असते. धनी तिसराच असतो. कर्मचाऱ्यावर कोणी रागावले, तर तो म्हणतो, “मी फक्त वाचून दाखवले.”

आता ‘मिडनाइट’कडे पुन्हा पाहा. पहिल्या टप्प्यात स्काय केवळ उच्चारक आहे. अखेरच्या टप्प्यात ती रचनाकार आणि धनी झालेली दिसते, तर डॉक्टरची गत केवळ उच्चारकाची झालेली आहे. प्रवाशांची चूक नेमकी कोठे होते? जो आधी बोलतो तोच शब्दांचा मालक, असे ते गृहीत धरतात. सेविका मात्र क्रमाकडे न पाहता शब्दांच्या घडणीकडे पाहते. संवादाच्या अभ्यासकांसाठी हा मोठा धडा आहे.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा नोंदवू. दुसऱ्याचे शब्द सांगताना आपली भाषा त्यावर खूण करते. ‘तो येणार आहे असे ती म्हणाली’, ‘येतो म्हणून सांगून गेला’ अशा रचना आपण वापरतो. याहून सूक्ष्म म्हणजे ‘म्हणे’. ‘तो म्हणे आजारी आहे’ या वाक्यात वक्ता त्या माहितीचे धनीपण स्वतःकडे घेत नाही. ते कोणा अज्ञाताकडे सोपवतो. थोडक्यात, उद्धृत करताना आपण मूळ मालकाची पावती देतो. स्कायच्या बोलण्यात ही पावती नाही. पुनरुच्चार आणि उद्धरण यांतील अंतर ते हेच. उद्धरणात मूळ वक्ता जिवंत राहतो. पावतीविना केलेल्या पुनरुच्चारात त्याचा आवाज हिरावला जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : एका दिवसात आपल्या कानावर पडलेली ‘म्हणे’ असलेली तीन वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यात उच्चारक कोण आणि धनी कोण, हे सांगा.

७.५ ‘आपण’ आणि ‘आम्ही’

आता ७.१ मध्ये उल्लेखिलेल्या सर्वनामाकडे वळू. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी ‘वी’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणाऱ्याचा समावेश होतो, ‘आम्ही’मध्ये होत नाही. ‘आपण उद्या रोह्याला जाऊ’ म्हटले की ऐकणाऱ्याने तयारीला लागावे. ‘आम्ही उद्या रोह्याला जाऊ’ म्हटले की त्याने घरी थांबावे. असा भेद गुजरातीत आहे, तमिळ आणि तेलुगूतही आहे; प्रमाण हिंदीतील ‘हम’ मात्र इंग्रजीप्रमाणेच दोन्हींसाठी चालते.

‘आपण’चा उपयोग एवढ्यावरच थांबत नाही. आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही आपण तो शब्द वापरतो : ‘आपण कोठून आलात?’ शिवाय ‘तो आपण होऊन बाजूला झाला’ अशा वाक्यात तो स्ववाचक असतो. मी, तुम्ही आणि स्वतः या तिघांना एकाच शब्दाने कवेत घेण्याची सोय मराठीने येथे केलेली आहे.

आता कल्पना करा, की ‘मिडनाइट’ मराठीत आणण्याचे काम आपल्याकडे आले आहे. आरंभी अनोळखी प्रवासी गप्पा मारतात, तेथे अडचण नाही. गाडी बंद पडल्यानंतर एखादे पात्र ‘आपण सगळे इथे अडकलो आहोत’ असे म्हणेल. त्याच पात्राने समोरच्या सहप्रवाशाला ‘आम्ही सगळे इथे अडकलो आहोत’ असे म्हटले, तर तो दचकेल. मी तुमच्यासोबत नाही का, असे तो विचारील.

तथापि या भागात अशी एक जागा येतेच, जिच्यानंतर प्रवाशांच्या तोंडचा प्रत्येक ‘वी’ ‘आम्ही’ असाच करावा लागतो. ती जागा नेमकी कोणती? डॉक्टर खोटे नाव सांगतो तेव्हाची? स्वतःच्या हुशारीचा उल्लेख करतो तेव्हाची? की त्याही आधी, तो सर्वांना समजावू लागतो आणि नकळत स्वतःला त्यांच्याहून वेगळा काढतो तेव्हाची? मूळ इंग्रजी संहितेत हे संक्रमण ‘वी’च्या पोटात दडून राहते. मराठी अनुवादकाला मात्र एका विशिष्ट वाक्यावर बोट ठेवून सांगावे लागते : येथे या माणसाला ‘आपण’मधून बाहेर काढले गेले.

माझे मत असे की, बाहेर काढण्याची क्रिया दुहेरी आहे. डॉक्टर ‘आपण बोलू या’ या भावनेने प्रवास सुरू करतो. पण संकटात तो ‘तुम्ही असे करू नका’ असे सांगू लागतो. ‘तुम्ही’ आले की पलीकडून ‘आम्ही’ येणारच. याचा अर्थ दोष त्याचा, असा मुळीच नव्हे. एका स्त्रीला मरणाच्या दारात ढकलू नका, असे सांगणारा माणूस बरोबरच असतो. परंतु बरोबर असलेल्या माणसालाही ‘आपण’ राखून बोलावे लागते, हे या भागाचे एक कठोर निरीक्षण आहे.

त्याच क्रमात संबोधनही घसरत जाईल. ‘आपण कोण?’, ‘तुम्ही कोण?’ आणि अखेरीस ‘तू कोण?’ या तीन पायऱ्या मराठी अनुवादात स्पष्ट ऐकू येतील. स्कायच्या बाबतीत तर लिंगही बदलू शकते. ‘तिला’ बाहेर फेका असे म्हणणे जड जाते. ‘ते’ फेका म्हणणे सोपे. व्याकरण असे हळूहळू हाताला मोकळीक देत जाते.

७.६ ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : तुलना

या प्रकारचे नाट्य मराठी वाचकाला नवखे नाही. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपटही केला. हे नाटक विज्ञानकथा नाही. परंतु बंद जागा, एक गट आणि एक व्यक्ती यांची मांडणी तीच आहे.

मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावी येते. ठरलेला खटला अण्वस्त्रांसंबंधी, अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा. प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून वेळ घालवायला गंमत म्हणून एक खोटा खटला उभा केला जातो. आरोपी होते शिक्षिका असलेली बेणारे आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. बघता बघता खेळाचा चेहरा बदलतो. ती निघून जाऊ पाहते, पण दाराला बाहेरून कडी लागलेली असते.

तुलनेसाठी तीन मुद्दे लक्षात घ्या.

एक, ‘आपण’ची समाप्ती. आरंभी बेणारे या मंडळींपैकीच एक आहे. खटला सुरू होताच तिचे नाव मागे पडते आणि ‘आरोपी’ हा शब्द पुढे येतो. मंडळी न्यायासनाच्या बाजूची झाली, ती एकटी पिंजऱ्यात उरली. क्रुसेडरमध्ये जे सर्वनामाने घडते, ते येथे एका नामाने घडते.

दोन, उसने शब्द. गावातला साधा माणूस सामंत गैरहजर नटाच्या जागी साक्षीदार म्हणून उभा राहतो. काय बोलावे हे त्याला सुचत नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. ७.४ मधील परिभाषेत तो निव्वळ उच्चारक आहे; रचनाकार कोणी कादंबरीकार आहे. परंतु न्यायालय त्या शब्दांना सत्य समजून बेणारेच्या गळ्याभोवती आवळते. सामंताच्या हाती भाच्यासाठी घेतलेला एक हिरवा कापडी पोपट आहे, हे वाचताना विसरू नका.

तीन, हिरावलेला आवाज. निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी मोजून दहा सेकंद दिले जातात. बेणारे आपले दीर्घ स्वगत बोलते ते भोवतालची सर्व पात्रे निश्चल झालेली असताना. प्रेक्षक ते ऐकतात. न्यायालय ऐकत नाही. न्यायालयाच्या लेखी ती काहीच बोललेली नाही. डॉक्टरजवळ तोंड आहे पण शब्द उरलेले नाहीत. बेणारेजवळ शब्द आहेत पण ऐकणारे कान नाहीत. परिणाम मात्र सारखाच.

भेदही आहे. ‘मिडनाइट’मध्ये सेविका मध्ये पडते. तेंडुलकरांच्या नाटकात कोणीच पडत नाही. सामंत अखेरीस तो पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि जातो. त्याची कणव खरी आहे. पण ती उशिरा आलेली आहे. शिवाय क्रुसेडरबाहेर निदान एक अज्ञात प्राणी होता. गावच्या सभागृहाबाहेर कोणीही नव्हते. तेथे भीतीचे निमित्तसुद्धा नव्हते.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३ : ‘खेळ’ आणि ‘संकट’ या दोन्ही परिस्थितींत गट एकाच तऱ्हेने का वागतो? १०० शब्दांत लिहा.

७.७ भिसे खिंडीतील एक तास

सिद्धान्त समजून घेण्यासाठी परग्रहावर किंवा नाट्यगृहात जावे लागते असे नाही. एक अनुभव येथे नोंदवतो. तो माझ्या बाजूने मुळीच बोलत नाही. तरीही तो सांगणे या घटकासाठी आवश्यक वाटते.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका जुलैत, पेणचे संपर्कसत्र आटोपून मी रोह्याला निघालो होतो. नागोठण्यापर्यंत पोहोचलो आणि तेथून पुढे मिनिडोर मिळाली. आत आम्ही दाटीने बसलेले दहा जण. भिसे खिंडीत पुढे झाड पडले होते आणि पाऊस असा की मागे वळणेही धोक्याचे. चालकाने इंजिन बंद केले, बाजूचे पडदे बांधले. काळोख झाला.

पहिला अर्धा तास छान गेला. कोणी शेंगा काढल्या, त्या सर्वांत फिरल्या. ‘आपण थांबू या’, ‘आपल्याला काय घाई आहे’ अशी वाक्ये कानावर येत होती. मग एका गृहस्थाचे पाकीट सापडेना.

मागच्या कोपऱ्यात गाठोडे मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. जवळच्या एखाद्या कातकरी वाडीवरचा असावा. कातकरी ही शासनाने आदिम जमात म्हणून नोंदवलेली जमात. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत तिच्या वाड्या आहेत. इतर सर्वांशी ‘तुम्ही’ने चाललेले बोलणे त्याच्यापाशी येताच ‘तू’वर आले. “कुठला तू? कुठे चढलास?” त्याने त्याच्या बोलीत उत्तर दिले. एका तरुणाने ते वाक्य त्याच हेलात म्हणून दाखवले. लोक हसले. त्याने पुन्हा काही सांगितले. तेही तसेच म्हणून दाखवले गेले. तिसऱ्या वेळी तो बोललाच नाही. मग कोणी म्हणाले, “बघा, गप्प बसलाय.”

“आम्ही सगळे इथलेच आहोत,” असे एकाने त्याला सुनावले. त्या ‘आम्ही’मध्ये मीही होतो. वास्तविक त्या गाडीत मला कोणीही ओळखत नव्हते. तो माणूस त्याच भागातला होता. परका कोणी असेल तर मी होतो. पण माझ्या डोळ्यांवर चष्मा होता आणि हातात वह्यांची पिशवी होती. एवढ्यावर मला ‘आम्ही’मध्ये जागा मिळाली आणि मी ती घेतली. सर्वनामांवर व्याख्यान देऊन परतणारा मी एक शब्दही बोललो नाही.

त्याचे गाठोडे उघडले गेले. तांदूळ होते, मीठ होते, एक नवी पाटी होती. तांदूळ भिजले. झाड हटवून गाडी सुरू झाली, तेव्हा दोन आसनांच्या फटीत पाकीट सापडले. गृहस्थांनी ते खिशात घातले. क्षमा कोणी मागितली नाही. तो माणूस रोह्याच्या अलीकडे उतरला आणि पावसात चालू लागला. त्याचे नाव आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते.

पुढे कित्येक वर्षांनी ‘मिडनाइट’ पाहिला, तेव्हा डॉक्टरचा अखेरचा प्रश्न ऐकून मला ती मिनिडोर आठवली. दुसऱ्याचे वाक्य त्याच्या हेलात म्हणून दाखवणे हा विनोद नव्हता. ती त्या माणसाच्या शब्दांचे धनीपण काढून घेण्याची क्रिया होती. त्याचे शब्द उरले नाहीत, मग त्याचे मौन हाच पुरावा झाला.

७.८ सारांश

बंदिस्त स्थळाच्या नाट्यात बाहेरचे संकट हे निमित्त असते. खरे नाट्य आतल्या संवादात घडते. ‘मिडनाइट’मध्ये एक अज्ञात प्राणी शब्द हिरावून घेतो, पण डॉक्टरला दारापर्यंत ओढत नेतात ती माणसे. ती हे करू शकतात, कारण त्याआधी त्यांनी त्याला ‘आपण’मधून काढलेले असते. उच्चारक, रचनाकार आणि धनी या तीन भूमिका वेगळ्या करून पाहिल्या, तर शब्द कोणाचे आहेत हे ओळखता येते. सेविकेने तेच केले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हीच प्रक्रिया अज्ञात प्राण्याशिवाय, निव्वळ माणसांच्या बळावर घडते. मराठी भाषेने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा स्पष्ट भेद आपल्या हाती दिलेला आहे. त्यामुळे कोणाला केव्हा वगळले जात आहे, हे मराठी बोलणाऱ्याला ऐकू येऊ शकते. ऐकू आल्यानंतर काय करायचे, हे मात्र व्याकरण सांगत नाही.

७.९ पारिभाषिक शब्द

समावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचन, उदा. आपण.
व्यावर्तक सर्वनाम : ऐकणाऱ्याला वगळणारे प्रथमपुरुषी अनेकवचन, उदा. आम्ही.
पुनरुच्चार : मूळ वक्त्याचा निर्देश न करता त्याचे शब्द पुन्हा म्हणणे.
उद्धरण : मूळ वक्त्याचा निर्देश करून त्याचे शब्द सांगणे.

७.१० स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची सुमारे ३०० शब्दांत उत्तरे लिहा.
१. ‘मिडनाइट’मधील पुनरुच्चाराचे चार टप्पे उच्चारक, रचनाकार आणि धनी या संकल्पनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. सेविका आणि सामंत या दोन पात्रांची तुलना करा. स्कायला बाहेर फेकण्याचा विचार प्रथम सेविकेनेच मांडला होता, ही बाब आपल्या उत्तरात विचारात घ्या.

आ) टिपा लिहा : १. ‘म्हणे’ आणि वक्त्याची जबाबदारी २. ‘आपण’चे तीन उपयोग.

इ) उपक्रम : पुढील संपर्कसत्राला येताना गाडीत किंवा बसमध्ये ऐकलेला एक संवाद घरी पोहोचल्यावर लिहून काढा. बोलणाऱ्यांची नावे किंवा ओळख पटेल असे तपशील लिहू नका. ‘आपण’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ या शब्दांखाली रेघ ओढा. एखाद्या ठिकाणी ‘आपण’चे ‘आम्ही’ झाले असेल, तर तेथे थांबा. त्या क्षणी कोण वगळले गेले आणि आपण स्वतः कोणत्या सर्वनामात होता, हे चार ओळींत लिहा. या उपक्रमाला गुण नाहीत.